दुरुस्ती : लिंबू नव्हे, संत्री

नांदुऱ्यात मला लोक ‘सायन्सवाले’ म्हणतात. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मी कधी तपासलं नाही. एरवी सगळं तपासून घ्या म्हणून जगाला सांगत असतो. नोकरी म्हणाल तर एका सरकारी कार्यालयात आवक-जावक टेबलावर कारकून. पण सकाळी, घरात चहा ठेवायच्या आत उठून मी मराठीत विज्ञानाचा ब्लॉग लिहितो. पाल भिंतीवरून का पडत नाही, तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब का नाचतो, ग्रहणात शिजवलेलं अन्न का खाता येतं, असलं सगळं. वाचक आहेत. किती, ते विचारू नये. माझा पगार आणि माझे वाचक या दोन गोष्टी मी सासरीही सांगितलेल्या नाहीत.

कार्यालयातल्या लोकांचा असा समज आहे की विज्ञानावर लिहिणाऱ्याला मोबाइल दुरुस्त करता येतो. कुणाचा चार्जर तापतो, कुणाच्या फोनमध्ये पाणी जातं, सगळे माझ्या टेबलाशी येतात. मी त्यांना बॅटरीच्या आत काय चालतं ते समजावून सांगतो. ते शांतपणे ऐकून घेतात आणि फोन घेऊन स्टेशन रोडवरच्या दुकानात जातात. लग्नकार्यात तर माझी ओळख करून देणं हीच पंचाईत. मामेसासरे म्हणतात, ‘हे आमचे जवाई, कंप्युटरवर लिहीत असतात.’ समोरचा लगेच म्हणतो, ‘मंग आमच्या पोट्ट्याचं आधार लिंक करून द्या.’ कुणी जरा जास्त शिकलेला असला तर पहिल्याच घासाला विचारतो, ‘काहो, थे लोणारचं पाणी गुलाबी काऊन झालं होतं?’ मी ताट बाजूला सारून सुरुवात करतो. मठ्ठा येईपर्यंत आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात.

बायको शिक्षिका आहे. लग्नानंतर काही वर्षं तिने माझं हौसेने ऐकलं. आता दूध उतू जाऊ लागलं की ती आधी मला स्वयंपाकघराबाहेर काढते आणि मग गॅस बंद करते.

आमचाही एक समाज आहे. महाराष्ट्रभरचे मराठी विज्ञान-ब्लॉगर एका व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत. तिथे कुणी गुड मॉर्निंग टाकत नाही. कुणी काहीही टाकलं की खाली पहिला शब्द येतो, ‘संदर्भ?’ एकाने मुलगी झाल्याचं कळवलं आणि हौसेने लिहिलं, आईवर गेली आहे. जन्मल्या जन्मल्या असं म्हणता येतं का, यावर पुढे इतकी चर्चा झाली की अभिनंदन करायचं राहूनच गेलं. पुण्याला या मंडळींचा एकदा मेळावा होता. मी भीत भीत उठून म्हणालो, ‘मले असं वाटते...’ तर एक बाई फार गोड आवाजात म्हणाल्या, ‘तुम्ही गंमत म्हणून असं बोलता का हो?’ मी हो म्हणालो. तेव्हापासून ब्लॉगवर मी आणखीनच शुद्ध लिहायला लागलो. माझी ताई म्हणते, ‘तू लिहितो थे तुह्यासारखं वाटतच नाही. रेडिओतला माणूस बोलून राह्यला असं वाटते.’

ही माझी थोरली बहीण. सोनाळ्याला दिलेली. भाऊजी तिघा भावांत मोठे. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांची संत्र्याची बाग, कागदावर एकच. तिघांनी झाडांच्या ओळी आपसात वाटून घेतल्यात, चूल मात्र एक, आणि ती ताईच्या हाती. आमच्या घरात वाटणी नाही, हे ताई कुणालाही सांगते, विचारलेलं नसलं तरी सांगते. तिला दुसरा कसलाच गर्व नाही.

बागेतली विहीर उन्हाळ्यात पुरेनाशी झाली, म्हणून तिघांनी मिळून बोअर मारायचं ठरवलं. कुठे मारायचं, यावर गाडी अडली. बोअर सामाईक असलं तरी मोटारीचा स्टार्टर ज्याच्या ओळीत, पाणी आधी त्याला, हे तिघांनाही न बोलता ठाऊक होतं. भाऊजींनी पाणी पाहणारा बोलावला. नेमका त्या रविवारी मी तिथे गेलो होतो.

पाणी पाहणारा म्हणजे तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतात फिरणारा माणूस. खाली पाणी असलं की नारळ आपोआप उभा राहतो, अशी समजूत. तो संथ पावलांनी सगळ्या ओळींमधून फिरला आणि मधल्या भावाच्या ओळीत नारळ उभा राहिला. तिघांनी चपला काढून हात जोडले. भाऊजींनी तिथे खुणेचा दगड ठेवला. धाकट्याचा चेहरा जरा उतरला होता, पण तो काही बोलला नाही.

मी बोललो. आपल्याच हाताचे बारीक स्नायू आपल्या नकळत हलतात आणि त्याने नारळ कलतो, हे मी बांधावर उभं राहून सगळ्यांना उदाहरणांसकट समजावलं. पाणी पाहणाऱ्याने मान हलवून ऐकलं, ‘असन बाप्पा’ म्हणाला आणि नारळ पिशवीत घातला. भाऊजी म्हणाले, ‘पाव्हणे, चहा घ्या.’ दुसरा कुणी असता तर चहा घेऊन गप्प बसला असता. मी चहा घेतला आणि घरी येऊन लेख लिहिला.

लेखात माणसांची ओळख लपवायची, अशी आमच्यात रीत आहे. मी ती कसोशीने पाळली. सोनाळ्याऐवजी ‘सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव’ लिहिलं, संत्र्याऐवजी लिंबू लिहिलं, भाऊजींना ‘माझ्या परिचयातील एक बागायतदार’ केलं. मग वर्णन जिवंत व्हावं म्हणून त्यांच्या भरघोस मिशा घातल्या, गळ्यातला पिवळा रुमाल घातला, दोन धाकटे भाऊ घातले आणि तिघांनी चपला काढून हात जोडल्याचा प्रसंग चांगला रंगवला. शेवटचं वाक्य होतं, ‘नारळ उभा राहिला आणि विवेक आडवा झाला.’ या वाक्यावर मी इतका खूश होतो की कार्यालयात जाताना ते मनातल्या मनात म्हणत गेलो.

माझे लेख सहसा चालत नाहीत, ते बसून असतात. हा चालला. ग्रुपवर कौतुक झालं, तेही कुणी ‘संदर्भ?’ न विचारता. मग नगरकडच्या एका फळबागांवर लिहिणाऱ्या ब्लॉगरने खुसपट काढलं. लेखात झाडांमधलं अंतर दिलं होतं, पाण्याची गरज दिली होती. ती लिंबाला लागू पडत नव्हती. ‘हे वर्णन संत्र्याच्या बागेचं वाटतं. कृपया तपासावं.’

इथे साधा माणूस ‘बघतो हं’ म्हणाला असता आणि विसरून गेला असता. पण लेखातली चूक गुपचूप पुसायची नाही, जुना शब्द खोडलेला दिसू द्यायचा आणि वर ठळक अक्षरांत दुरुस्ती टाकायची, हा आम्हा लोकांचा धर्म आहे. आमच्यापैकी बऱ्याच जणांना दुसरा धर्म नसल्यामुळे हा आम्ही फार कडक पाळतो. मी लेखाच्या डोक्यावर लिहिलं : ‘दुरुस्ती : मूळ लेखात लिंबू असा उल्लेख होता. बाग संत्र्याची आहे. वाचकांनी नोंद घ्यावी.’

वाचकांनी नोंद घेतली. तसल्या मिशा, तसला रुमाल आणि तिघा भावांची संत्र्याची बाग सोनाळ्यात दुसऱ्या कुणाची नव्हती. लिंबामुळे थोडी शंका उरली होती, ती मी स्वतःच्या हाताने दूर केली. लेख गावच्या ग्रुपवर फिरला. भाऊजी चहाच्या टपरीवर गेले की लोक विचारायचे, ‘काय हो, लिंबू काय भाव?’ पुढे पुढे तर त्यांचं नावच लिंबूवाले पडलं.

मी इकडे वाचकांचा चढता आलेख पाहत होतो. बायकोला म्हणालो, ‘ग्रामीण भागात वैज्ञानिक दृष्टिकोन रुजून राह्यला बघ.’ ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, ‘ताईंचा फोन आला होता का एवढ्यात?’

नव्हता आला. दर रविवारी यायचा, तो बरेच रविवार आला नव्हता आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. शेवटी मीच केला. ताई रागावेल, मी शांतपणे तिला लेखामागची भूमिका सांगेन, अशी तयारी ठेवली होती. ती रागावली नाही.

‘धाकल्या दिरानं तुहा लेख छापून आणला,’ ती म्हणाली. ‘जेवताना सगळ्याईले वाचून दाखवला.’

छापून आणला, हे ऐकून मला बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं. मी विचारलं, ‘मंग?’

‘मंग काय. म्हणते, नारळ खोटा आहे असं सायन्सनं सिद्ध केलं. मंग मधल्याच्याच ओळीत काऊन मारता बोअर? माह्या ओळीत मारा. मधला म्हणते, असं असन तं माही वाटणी अल्लग करून द्या. महिना होत आला, कोणी कोणाशी बोलत नाही. मधली आता चूल वेगळी मांडतो म्हणून राह्यली.’ मग म्हणाली, ‘कोणाले तरी पटलं बाप्पा तुहं लिहिणं.’

इतक्या वर्षांत माझ्या लेखाने कुणाचं मत बदलल्याचं हे पहिलंच उदाहरण. अंधश्रद्धा गेली होती आणि जाताना घराची वाटणी मागत होती. नारळावर तुमचा विश्वास आहे का, असं विचारलं असतं तर तिघा भावांपैकी एकालाही धड सांगता आलं नसतं. पण नारळाने जागा दाखवली म्हणजे भावाने दाखवली नाही, एवढं त्यांना पुरत होतं. भाऊजींनी त्याचसाठी त्या माणसाला बोलावलं होतं. हे मला फोनवर ताईकडून कळावं लागलं, आणि ते ऐकताना मला फार वाईट वाटलं.

‘थो लेख काढून टाक,’ ती म्हणाली.

मी तिला आमचा नियम सांगितला. लेख काढता येत नाही, फक्त दुरुस्त करता येतो, आणि दुरुस्ती दिसावी लागते.

‘आपल्या घरात इतका धर्म कोणीच पाळला नव्हता,’ असं म्हणून तिने फोन ठेवला.

मी ग्रुपवर मदत मागितली. बोअरची जागा शास्त्रीय पद्धतीने कशी ठरवावी, असं विचारलं. चर्चा पेटली. एकाने नारळाचीच रीतसर चाचणी घ्यायला सांगितली, नारळ धरणाऱ्याचे डोळे बांधून. दुसऱ्याने बोअर मारणंच भूजलाला घातक कसं, ते सविस्तर मांडलं. मी मध्येच लिहिलं की माझ्या बहिणीचं घर फुटायला आलंय, तर एक जण म्हणाला, याचा बोअरशी संबंध आहे असं तुम्ही कशावरून म्हणता. अखेर यंत्राने सर्वेक्षण करून घ्यावं असं ठरलं. ते मी भाऊजींना कळवलं. धाकटा म्हणाला, जो यंत्रवाला आणील त्याच्याच ओळीत यंत्र पाणी दाखवील. मधल्याचंही तेच म्हणणं पडलं. महिन्याभरात दोघांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर.

मग धाकट्यानेच तोड काढली. ‘सायन्सवाल्या पाव्हण्यालेच बोलवा,’ तो म्हणाला. ‘जो आपल्या सख्ख्या भाऊजीले सोडत नाही, तो आपल्याले काय फसवीन?’ मधलाही तयार झाला. ताईने मला निरोप दिला आणि वर म्हणाली, ‘ये. पण नीट ये.’

मी नीट गेलो. आधी भूगर्भावर हाताला लागेल ते वाचून काढलं. त्यातून एवढं कळलं की डोंगराच्या पायथ्याला पाणी खोल असतं, आणि नेमकं कुठे असतं हे वाचून कळत नाही. पायात बूट घातले. मोबाइलमध्ये होकायंत्र उतरवून घेतलं, ते कशासाठी हे माझं मलाही सांगता आलं नसतं. जळगाव-जामोदला बस बदलून सोनाळ्याला उतरलो, तर स्टँडवर एकाने विचारलं, ‘लिंबूवाल्याचे पाव्हणे ना तुम्ही?’ मी मान हलवली आणि खाली बघत चालायला लागलो.

घरी ओसरीत मधल्या जावेचा गॅस मांडलेला होता. शेजारी नवं दुधाचं पातेलं, नवा झारा. मला आतून ताईचा चहा आला आणि ओसरीतून तिच्या जावेचा. दोन्ही प्यालो. ताई ओसरीतून येता-जाता त्या गॅसकडे बघायचं टाळत होती. मलाही तिकडे बघवत नव्हतं.

बागेत तिघे भाऊ माझ्या मागे, आणि त्यांच्या मागे पाण्याची कळशी घेऊन ताई. मी ओळींमधून संथ पावलांनी फिरलो. एका ठिकाणी खाली बसून ढेकूळ उचललं, हाताने फोडलं आणि वास घेतला. कसला वास यायला हवा, हे मला माहीत नव्हतं. कुठल्याशा व्हिडिओत एकाला असं करताना पाहिलं होतं. मागे वळून बघतो तर भाऊजींनी चपला काढल्या होत्या. त्यांचं बघून मधल्यानेही काढल्या.

‘सांगा पाव्हणे,’ धाकटा म्हणाला. ‘तुम्ही म्हणान थे आखरी.’

मला सांगता येत होतं, हीच अडचण होती. मी कुठेही बोट दाखवलं असतं तरी त्यांनी तिथे दगड ठेवला असता. इतकी वर्षं पहाटे उठून लिहिलं, तेव्हा लोकांनी असं ऐकावं एवढीच तर इच्छा होती. भाऊजींच्या ओळीत, बांधाला लागून, दोन झाडांच्या मध्ये मोकळी जागा होती. ती मला बागेत शिरल्यापासून बरी दिसत होती. माझा उजवा हात कमरेपासून वर निघाला.

मग मी म्हणालो, ‘मले माहीत नाही.’

कुणाला ऐकू गेलं नसावं असं वाटून पुन्हा म्हणालो, ‘खाली पाणी कुठं आहे हे मले समजत नाही. मी फक्त वाचतो अन् लिहितो.’

धाकटा माझ्याकडे बघतच राहिला. ‘मंग थे माती काऊन हुंगली?’

‘असंच.’

पहिल्यांदा मधला हसला. ‘असंच म्हणते! अन् याच्यासाठी बूट घालून आला हा!’ मग धाकटा हसला, आणि त्याला आवरता येईना म्हणून झाडाला टेकला. भाऊजींच्या मिशा आधी थरथरल्या आणि मग तेही फुटले. सुनेच्या भावाची टर उडवायचा आमच्याकडे तिच्या सासरच्यांना पुरा हक्क असतो, आणि त्या तिघांनी तो महिनाभर बजावला नव्हता. त्यांनी माझ्या बुटांपासून सुरुवात केली. होकायंत्र सापडल्यावर तर त्यांनी मला बागेतच उत्तर दिशा दाखवायला लावली. मी दाखवली. ती चुकली.

‘दगड आहे तिथंच मारू बोअर,’ मधला डोळे पुसत म्हणाला. ‘लागलं पाणी तं नारळाचं नाव, नाही लागलं तं पाव्हण्याच्या बोकांडी.’

‘अन् स्टार्टर?’ धाकट्याने विचारलं.

‘विहिरीवरच्या खोलीत बसवू,’ भाऊजी म्हणाले. ‘तिघाईच्या मधात.’ हे कुणालाही आधीच सुचलं असतं, पण त्यासाठी एकमेकांशी बोलावं लागलं असतं.

बोअरला पाणी लागलं की नाही, ते मी इथे लिहिणार नाही. एका बोअरवरून काही सिद्ध होत नाही, आणि काहीही लिहिलं तरी अर्धे वाचक ते पुरावा म्हणून घेऊन पळतील. त्या दुपारी ओसरीतला गॅस आत गेला, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. लेखाचं काय करू, असं मी भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, ‘राहू द्या. मिशीचं तेवढं खोडा.’ मी खोडलं. खोडल्याच्या रेघेखालून मिशा अजून वाचता येतात.

ताई मला स्टँडवर सोडायला आली. बसला वेळ होता. आम्ही रसवंतीच्या सावलीत उभे होतो.

‘बोट उचललं होतं तू,’ ती म्हणाली.

कुणाच्या लक्षात आलं नाही, असं मी धरून चाललो होतो. तिला म्हणालो, हात सहज हलला असेल.

‘सहज नाही. आमच्या ओळीकडं होतं थे.’

‘तुह्यासाठी,’ मी म्हणालो.

‘माहीत आहे मले. म्हणून तं मी पदराआड हात जोडले होते. म्हटलं, देवा, याचं बोट खाली पाड. थ्या जागी पाणी लागलं असतं तरी मले पिववलं नसतं.’ तिने डोळे टिपले. ‘अन् त्यानं ऐकलं.’

यावर मला बोलण्यासारखं पुष्कळ होतं. तिने हात जोडले आणि नंतर माझं बोट खाली आलं, एवढ्यावरून एकामुळे दुसरं झालं असं म्हणता येत नाही. या विषयावर माझा स्वतंत्र लेख आहे. बस येऊन लागली होती. ताई माझ्या तोंडाकडे बघत होती.

‘हाव,’ मी म्हणालो. ‘ऐकलं त्यानं.’